तर्रीवरचा तवंग आणि जवसाची चटणी

दारव्ह्यात सकाळी तर्री-पोहे मागवले की पोह्यांवर लाल रस्सा येतो आणि रश्शावर तेलाचा जाड तवंग. त्यात मटण नाही, अंडं नाही. म्हणून खाणारा निर्धास्त असतो: आपण माळकरी, आपल्या हृदयाला काय होणार? हा निर्धास्तपणा मला घातक वाटतो.

एके काळी वऱ्हाडात तेल शिवारातून येई. शेंगदाणा, तीळ, करडई, जवस, आणि कापसाच्या मुलखात सरकी. आज घरात पंधरा किलोचा डबा येतो आणि फरसाण, बिस्किटं, टोस्ट यांतून पाम तेल वेगळंच पोटात जातं. पाम तेलातला जवळपास निम्मा मेद संपृक्त असतो. डुकराच्या चरबीतही तो एवढा नसतो. तेल झाडाचं आहे एवढ्याने ते हृदयाला मानवतंच असं नाही. वनस्पती तुपाचंही तेच. लग्नाच्या पंगतीतली बुंदी दोन पिढ्या त्याच तुपात तळली गेली. त्यातल्या ट्रान्स मेदाने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं. कायद्याने त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आली ती 2022 साली, फार उशिरा. भज्यांच्या कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा तापतं, ते आजही फारसं कोणी मोजत नाही.

मग साजूक तूप? तूपवाल्यांचा आवडता दाखला रेल्वेचा आहे. दारव्ह्यावरून कापूस वाहणारी ‘शकुंतला’ आगगाडी ज्यांनी पाहिली, त्यांना तो जवळचा वाटेल. रेल्वेतल्या डॉ. मल्होत्रांनी 1967 साली रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. दक्षिणेत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेच्या सुमारे सातपट निघाले, आणि तूप तर उत्तरेकडचे लोक जास्त खात. पण एवढ्यावरून तूप हृदय राखतं असं ठरत नाही. कष्ट, धान्य, जेवायची रीत, सगळंच वेगळं होतं. गरम रोडग्यावर चमचाभर तूप खुशाल घ्या. वाटीभर तुपासाठी मात्र या अभ्यासाची साक्ष काढू नका.

शाकाहाराचा फायदा खरा आहे. ब्रिटनमधल्या सुमारे 48 हजार लोकांच्या पाहणीत (2019) मांसाहाऱ्यांपेक्षा शाकाहाऱ्यांत हृदयविकार 22 टक्के कमी आढळला. पक्षाघात मात्र 20 टक्के जास्त. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 441 पुरुष तपासले, त्यांपैकी 67 टक्क्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी निघालं, आणि शाकाहाऱ्यांना त्याचा धोका कितीतरी जास्त होता. बी-12 घटलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं, आणि ते वाढलेल्यांत हृदयविकार व पक्षाघात जास्त आढळतात. बी-12 देणारं दूध-दही परवडत नसेल तर ‘शुद्ध शाकाहारी’ या शब्दावर विसंबून चालणार नाही. रक्त तपासून घ्यावं.

आता जवस. आमच्याकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी असायचीच: जवस भाजायचा, लाल तिखट, मीठ, लसूण घालून कुटायचा. रब्बीत हरभरा वाढला तसा शेतातला जवस मागे पडला, आणि ताटातली चटणीही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-3 वर्गातल्या मेदाचा असतो. मासे न खाणाऱ्याला तो इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळणं कठीण. दहा ग्रॅम कुटलेल्या जवसात दोन ग्रॅमच्या आसपास तो मिळतो, म्हणजे दिवसाची गरज भागते. त्याचा फार थोडा भाग शरीर माशातल्या मेदात बदलतं, हेही खरं. तरी तो सोडून देण्यासारखा नाही. अख्खा जवस मात्र न पचता निघून जातो, म्हणून कुटायलाच हवा. आणि जवसाचं तेल तळणाला वापरू नये, तापलं की ते लवकर बिघडतं.

माणशी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम तेल पुरे. चौघांच्या घराला महिन्याकाठी तीन किलो, म्हणजे पंधरा किलोचा डबा पाच महिने पुरायला हवा. या दिवाळीत नवा डबा फोडाल तेव्हा त्यावर तारीख लिहा, आणि तो कधी संपतो ते बघा.