नावाने माशी, जातीने भुंगेरा

पूर्व आफ्रिकेत जिला ‘नैरोबी फ्लाय’ म्हणतात ती माशी नव्हेच. तो आखूड पंखकवचांचा, काळ्या-तांबड्या रंगाचा एक चिमुकला भुंगेरा आहे. तो चावत नाही, डंखही मारीत नाही. मात्र अंगावर चिरडला गेला, की त्याच्या शरीरद्रवातील पेडेरिन हे विष कातडीला लागते आणि दिवसा-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड उठतात. १९९७-९८ च्या एल निनो पावसानंतर केनियाने हा उपद्रव मोठ्या प्रमाणावर अनुभवला.

या एकाच नावाखाली पेडेरस वंशातील सॅबियस व एक्झिमियस अशा दोन जाती नांदतात. या वंशातील सख्ख्या जाती निवडताना नुसत्या रंगावर विसंबता येत नाही. तज्ज्ञ नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याची घडण ताडून पाहतात. मादीच हाती लागली तर पंचाईत! आणि विषाचा मोठा साठा असतो तो नेमका मादीत. तोही तिच्या शरीरात वस्ती करणाऱ्या जीवाणूंनी तयार केलेला.

२०२२ च्या जुलैमध्ये सिक्कीम व सिलिगुडी भागात असेच रुग्ण आढळले, तेव्हा बातम्यांतून ‘नैरोबी फ्लाय’चेच नाव गाजले. वास्तविक याच वंशातील फ्युसिपिस ही जात आपल्या देशात पूर्वीपासून आहे. नमुना तपासण्यापूर्वीच परदेशी पाहुण्यावर आळ घेणे म्हणजे ओळखपरेडीआधीच आरोपी ठरविणे होय. औषधाचा फवारा सोडण्याची घाई तर त्याहून वाईट, कारण हीच फ्युसिपिस भातखाचरांत तुडतुडे खाऊन शेतकऱ्याचे पीक राखीत असते.