'राजी'च्या मागची माणसे

दिवाळीनंतर धारूरला गेलो असता आमच्या मावसबंधूंच्या कापडदुकानात एक वाद ऐकावयास मिळाला. त्यांच्या बारावीतील मुलास व्हिडिओ गेम तयार करण्याचे शिक्षण घ्यावयाचे आहे. "गल्ला सोडून खेळणी करणार का?" हा वडिलांचा प्रश्न. आजींचा प्रश्न निराळा : "त्या खेळांत मारामारीच असते ना रे?" दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि मजजवळ उत्तर नव्हते. मुलाने पुण्याच्या ज्या संस्थेचे नाव घेतले, तिची हकिगत मग मी मिळवली.

'नॉडिंग हेड्स गेम्स' हा स्टुडिओ २०१७ च्या सुमारास श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी पुण्यात उभारला. त्या काळी आपल्याकडील बहुतेक गेम कंपन्या परदेशी खेळांसाठी चित्रांचे तुकडे करून देत, नाहीतर मोबाइलवरचे किरकोळ खेळ काढीत. यांनी मात्र स्वतःची कथा निवडली. राजी ही खेळ करून पोट भरणाऱ्या टोळीतील मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. वाड्यांची घडण राजस्थानी वास्तूंवरून, रंगसंगती पहाडी लघुचित्रांवरून घेतली आणि मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांतून सांगितले.

पैसा मात्र नव्हता. त्याच वर्षी त्यांनी 'किकस्टार्टर'वर लोकांकडे आगाऊ मदत मागितली. तेथील रीत कठोर आहे : ठरवलेली रक्कम पूर्ण जमली नाही, तर जमलेला पैसाही हाती येत नाही. मोहीम फसली. दुकानदाराच्या घरात वाढलेल्यांना हे सांगावयास नको की, उधारीवर मांडलेला धंदा येथेच बसतो. हे लोक बसले नाहीत. लोकांना खेळून पाहण्यासाठी केलेला नमुना त्यांच्या हाती होता. पुढे प्रकाशक मिळाला आणि काम चालू राहिले.

१८ ऑगस्ट २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, 'राजी : ॲन एन्शंट एपिक' निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरात संगणक व इतर यंत्रांवर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन लाभले. पारितोषिक 'फॅस्मोफोबिया'ला गेले. समीक्षकांनी चित्रे वाखाणली, पण खेळ आखूड आणि लढाई कच्ची, असेही स्पष्ट म्हटले. मला तो दोष खरा वाटतो. पुढे सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले.

आजींचा प्रश्न उरतोच. राजीच्या हाती त्रिशूळ आहे आणि ती असुरांना मारते; हे लपवून मी मुलाची वकिली करणार नाही. एवढेच आठवण करून देतो की, आपल्या परंपरेतील ज्ञानबाजीचे रंगीत पट वस्तुसंग्रहालयांत आजही आहेत. तेथे सोंगटी कर्माच्या शिड्यांनी चढते, सापांनी उतरते आणि कोणासही मारावे लागत नाही. असा खेळ पडद्यावर आणता येईल का, हे त्या मुलाला मी विचारले आहे.

बंधूंना सारे पत्राने कळवले. त्यांचे उत्तर त्रोटक आले : आधी बारावी होऊ द्या. चिरंजीव रविवारी दुकानात बसतात आणि संध्याकाळी किल्ल्यावर जाऊन बुरुजांची चित्रे काढतात.