टेबलावरची जहाजबांधणी : पहिले शिडाचे जहाज बांधताना

शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांना नदी आहे, समुद्र नाही. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि हे सारे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. मराठ्यांच्या गुराबा आणि गलबते जेथे बांधली गेली, तो कोकणकिनारा घाटापलीकडे, नेमका उलट्या दिशेला राहतो. तरीही शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती बांधण्याचा छंद जोपासायला समुद्राचे सान्निध्य लागत नाही. एक भक्कम टेबल, पुरेसा उजेड आणि रोजचा तासभर निवांत वेळ एवढ्यावर हे काम सुरू होते. ते तडीस जाते की नाही, हे मात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन निर्णयांवर ठरते. जहाज कोणते निवडले आणि सांगाड्याला किती वेळ दिला, हे ते दोन निर्णय होत.

परदेशात अशा प्रतिकृतींचे तयार संच मिळतात. इटलीची अमाती, स्पेनच्या ऑक्रे आणि आर्टेसानिया लातिना, डेन्मार्कची बिलिंग बोट्स, अमेरिकेची मॉडेल शिपवेज ही या क्षेत्रातील परिचित नावे. आपल्याकडे असा संच मागवायचा तर मूळ किमतीत टपालखर्च आणि सीमाशुल्क यांची भर पडते, हे आधीच ध्यानात घ्यावे. खोक्यात यंत्राने कापलेले प्लायवूडचे भाग, लाकडाच्या लांब अरुंद पट्ट्या, डोलकाठ्यांसाठी गोल काड्या, दोऱ्यांची रिळे, धातूची बारीक सामग्री आणि आराखडे असतात. म्हणजेच सुटे भाग जोडले की झाले, असे हे खेळणे नसून आकार द्यायचा अजून बाकी असलेला कच्चा माल आहे.

खोक्यावरील चित्राचा मोह येथेच आवरावा लागतो. तीन डोलकाठ्या आणि दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असलेले युद्धजहाज कोणालाही आवडते. परंतु अशा जहाजात एकच काम शेकडो वेळा करावे लागते, आणि नवशिक्याचा उत्साह मध्येच संपतो. अर्धवट जहाज मग माळ्यावर जाऊन पडते. त्याऐवजी एका डोलकाठीची लहान नौका घ्यावी. मॉडेल शिपवेजने नवशिक्यांसाठी चढत्या क्रमाचे तीन संचच काढले आहेत. त्यांत पहिली सपाट तळाची डोरी, दुसरी एका शिडाची नॉर्वेजियन होडी आणि तिसरी शेवंड (लॉब्स्टर) पकडणारी मासेमारी नौका आहे. दौंड तालुक्याच्या पूर्वेला उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारीच्या लहान होड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना डोरीची जातकुळी परकी वाटणार नाही.

प्रमाण समजून घेणेही आवश्यक आहे. आराखड्यावर 1:48 असे लिहिले असेल, तर प्रत्यक्षातील एक फूट प्रतिकृतीत पाव इंच होतो. सुताराच्या भाषेत दोन सूत. साडेपाच फुटांचा खलाशी या प्रमाणात सुमारे 35 मिलिमीटर उंच दिसेल. प्रमाणाचा दुसरा आकडा जितका मोठा, तितके भाग बारीक. म्हणून 1:24 किंवा 1:48 ही प्रमाणे नवशिक्याच्या हाताला आणि डोळ्यांना सोयीची ठरतात.

सांगाडा : न दिसणारे काम

बहुतेक संचांत जहाजाचा मधला उभा कणा आणि त्यात ठरावीक अंतरावर बसणारे आडवे छेद प्लायवूडचे असतात. किनाऱ्यावरचे सुतार कण्याला पठाण आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या फासळ्यांना वाक म्हणतात. कणा सरळ आहे ना, हे काचेवर ठेवून तपासावे. प्रत्येक छेद गुण्या लावून काटकोनात आणूनच चिकटवावा. येथील एका मिलिमीटरची चूक पुढे डोलकाठीच्या तिरपेपणात दिसते, आणि तेव्हा ती सुधारता येत नाही.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे. नाळेकडे आणि पिछाडीकडे जहाज निमुळते होते, त्यामुळे तेथील छेदांच्या कडा कानशीने तिरक्या घासाव्या लागतात. पट्टी छेदाच्या केवळ टोकावर न टेकता संपूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. एक सुटी पट्टी नाळेपासून मागेपर्यंत धरून पाहावी. ती कोठे उचलली जात असेल किंवा कोठे खोल जात असेल, तर घासण्याचे काम अपुरे आहे असे समजावे. फळ्या चढल्यावर हा सांगाडा कोणालाच दिसत नाही, म्हणून तो उरकण्याकडे कल असतो. जहाजाचा डौल मात्र त्यावरच अवलंबून असतो.

फळ्या आणि आपली हवा

पट्ट्या वाकवण्यासाठी त्या वीस-तीस मिनिटे पाण्यात भिजवाव्यात, छेदांवर आकार देऊन चिमट्यांनी धराव्यात आणि रात्रभर वाळू द्याव्यात. ओल्या पट्टीला डिंक लावू नये. ती वाळताना आकसते आणि फट पडते. एक पट्टी डाव्या बाजूला, तर पुढची उजव्या बाजूला, असा क्रम ठेवावा. एकाच बाजूने काम पुढे नेल्यास कणा पीळ खातो. नाळेकडे घेर कमी असल्याने पट्ट्या तेथे निमुळत्या कराव्या लागतात. मात्र मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नयेत. अनेक संचांत असे दोन थर असतात. पहिला जाड थर घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर अक्रोडासारख्या लाकडाचा पातळ थर चढतो. त्यामुळे पहिल्या थरातील उणिवा झाकल्या जातात, आणि नवशिक्याला ही मोठीच सवलत आहे. चिकटवण्यासाठी आपल्याकडचे फेविकॉल पुरते.

शिरूर-दौंडच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी होते. जूननंतर ती दमट होते. लाकूड आडव्या दिशेने आकसते आणि फुगते. म्हणून संच आल्यावर पट्ट्या काही दिवस खोलीच्या हवेत राहू द्याव्यात, आणि फळ्या चढवण्याचे काम शक्यतो एकाच ऋतूत पूर्ण करावे. तयार जहाज उन्हाच्या खिडकीपासून आणि कूलरच्या झोतापासून दूर, काचेच्या पेटीत ठेवावे.

दोऱ्यांचे जाळे सर्वांत शेवटी येते. त्यात डोलकाठ्या ताणून धरणारे स्थिर दोर आणि शिडे हलवणारे चल दोर असे दोन प्रकार असतात. स्थिर दोरांना डांबर लावत, म्हणून ते गडद दाखवतात. चल दोर फिकट. प्रत्येक दोराचे काम समजून घेऊन तो बांधला, तर चुका आपोआप कमी होतात.

आपल्या इतिहासाकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टीही या कामातून लाभते. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलेले आणि 1817 मध्ये पाण्यात उतरलेले ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. मराठा आरमाराच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या पायथ्याशी तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून गेले. जे जहाज उरत नाही, ते चित्रे आणि वर्णने यांवरूनच पुन्हा उभे करावे लागते. भारतीय नौदलात 21 मे 2025 रोजी कारवार येथे दाखल झालेले कौंडिण्य हे जहाज अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील चित्रावरून साकारले आहे. त्याच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत. संचातील जहाजात आधी सांगाडा आणि मग फळ्या येतात. शिवलेल्या जहाजाच्या पद्धतीत आधी फळ्यांचे कवच आणि मग आतील फासळ्या. हा भेद पुस्तकात एका वाक्यात वाचून होतो, पण त्याचे गांभीर्य कळते ते पहिली पट्टी वाकवताना.

पहिली नौका पूर्ण होण्यास काही महिने लागू शकतात. त्या काळात दर आठवड्याला कामाचे एक छायाचित्र काढून ठेवावे आणि प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ वहीत नोंदवावा. दुसऱ्या जहाजाची निवड खोक्यावरील चित्रावरून न करता या वहीवरून करावी.