दहा पोथ्या, पण साक्षीदार किती?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक मजेशीर गोष्ट घडली. मुलांना व्हर्नियर कॅलिपरने एका गोळीचा व्यास मोजायचा होता. आठ जणांचे उत्तर आले २.१४ सेंमी. आणि दोघांचे २.०८ सेंमी. "सर, आठ विरुद्ध दोन! आमचंच बरोबर," आठही जण म्हणाले. मी त्यांचा कॅलिपर मागून घेतला. जबडे पूर्ण मिटवले, तरी त्याची दोन शून्ये समोरासमोर येत नव्हती. आठही जणांनी आळीपाळीने तोच सदोष कॅलिपर वापरला होता! नोंदी आठ होत्या, पण साक्षीदार एकच, आणि तोही चुकीचा.

मित्रांनो, आयुर्वेदाच्या जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांपुढे नेमकी हीच अडचण असते. कशी, ते पाहू या.

'सुश्रुतसंहिता' हा शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध असलेला प्राचीन संस्कृत ग्रंथ. त्याची मूळ प्रत आज कोठेही नाही. छापखाने येण्यापूर्वी ग्रंथ टिकवण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे हाताने नक्कल करणे. ताडपत्र, भूर्जपत्र किंवा कागद ओल आणि कसर यांमुळे खराब होई. मग जुन्या पोथीवरून नवी लिहीत, नवीवरून आणखी नवी. प्रत्येक नकलेत थोड्या चुका होत आणि त्या पुढच्या नकलेत जशाच्या तशा उतरत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका काढ्यात अमुक औषध 'त्रिपल' घ्यावे असे मूळ ग्रंथात आहे. पल हे जुने वजन. चार कर्षांचे एक पल. तेव्हा त्रिपल म्हणजे तीन पले. नक्कल करताना लेखनिकाने 'प'ला चुकून शेपूट जोडले की झाले 'त्रिफल'! आता वाचणारा वैद्य हिरडा, बेहडा आणि आवळा शोधू लागेल. वजन गेले आणि त्याच्या जागी तीन फळे आली. औषधाच्या ग्रंथात ही चूक लहान म्हणता येईल काय?

आता दहा पोथ्या मिळाल्या. आठांत 'त्रिफल' आहे, दोनांत 'त्रिपल'. मते मोजून निकाल द्यावा काय? मुळीच नाही. त्या आठ पोथ्या एकाच चुकलेल्या पोथीच्या नकला असतील, तर आमच्या कॅलिपरसारखा तो एकच साक्षीदार ठरतो.

पण हे ओळखायचे कसे? शेजारी बसलेल्या दोन मुलांचे गणित बरोबर असेल, तर शिक्षकांना संशय येत नाही. पण दोघांची चूक एकाच पायरीवर आणि एकाच विचित्र प्रकारची असेल, तर नक्कल लगेच उघडी पडते. पोथ्यांचेही तसेच आहे. एकाच ठिकाणी गाळलेली ओळ किंवा एकसारखा बिघडलेला शब्द अनेक पोथ्यांत सापडला, की त्या एका कुळातल्या आहेत असे कळते. अशा समान चुकांवरून पोथ्यांचा चक्क वंशवृक्ष मांडता येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार झाली, तीही असंख्य पोथ्या ताडून, त्यांची कुळे ओळखूनच.

दुसरे महत्त्वाचे साक्षीदार म्हणजे टीकाकार. येथे टीका म्हणजे दोष काढणे नव्हे, तर ग्रंथाचे स्पष्टीकरण. सुमारे १२ व्या शतकात डल्हण या पंडिताने सुश्रुतसंहितेवर 'निबंधसंग्रह' ही टीका लिहिली. आपल्या उदाहरणात टीकाकाराने 'तीन पले' असा अर्थ दिला असता, तर त्याच्या समोरच्या पोथीत 'त्रिपल' होते हे उघड झाले असते. मग आपल्या हातातली पोथी दोनशेच वर्षांची का असेना. शिवाय जेज्जट, गयदास या आधीच्या टीकाकारांचा पाठ वेगळा असेल, तर डल्हण तेही नोंदवतो. म्हणजे आज हाती नसलेल्या पोथ्यांचीही खबर त्याच्याकडून मिळते!

मात्र येथेही सावध राहावे लागते. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३८ साली छापलेली, वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी सहकाऱ्यासह संपादित केलेली आवृत्ती अभ्यासक आजही वापरतात. तिच्यातला ग्रंथ बव्हंशी डल्हणाला माहीत असलेल्या रूपातला आहे. त्याच्याही आधी तो कसा होता? त्यासाठी दुसरा 'कॅलिपर' हवा.

तो काठमांडूच्या कैसर ग्रंथालयात आहे. तेथील सुश्रुतसंहितेची ताडपत्रावरील पोथी इ. स. ८७८ मधली, म्हणजे डल्हणापेक्षा सुमारे तीनशे वर्षांनी जुनी आहे. २०१३ साली युनेस्कोने तिची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली. नेपाळातल्या आणखी दोन पोथ्यांबरोबर ती ताडून पाहताना अभ्यासकांना एक गंमत दिसली. छापील ग्रंथात अध्यायांच्या आरंभी, हे भगवान धन्वंतरींनी सांगितले आहे, अशा अर्थाचे वाक्य येते. नेपाळी पोथ्यांत ते नाही! ते मागाहून घातले गेले असावे, असे मानायला यामुळे आधार मिळतो.

मग सर्वांत जुनी पोथी नेहमीच बरोबर काय? तसेही नाही. तिचा लेखनिकही माणूसच होता आणि तोही नक्कलच करीत होता. म्हणून प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

मित्रांनो, ग्रंथात काय लिहिले आहे आणि लिहिलेले खरे आहे काय, हे दोन निराळे प्रश्न आहेत. औषध गुणकारी आहे की नाही, हे पोथ्या ताडून कळणार नाही. त्यासाठी रीतसर चाचण्याच हव्यात. पण चाचणी तीन पलांची घ्यायची की तीन फळांची, हे आधी ठरायला नको का? यापुढे कोणी "सुश्रुताने असे म्हटले आहे" असे सांगितले, तर नम्रपणे विचारा, "कोणत्या पोथीत?"

आमच्या त्या आठ मुलांनी कॅलिपरची चूक किती आहे ते पाहिले. ती ०.०६ सेंमी. निघाली. ती वजा केल्यावर त्यांचेही उत्तर २.०८ आले.