आत कोण आहे, हे कोणी सांगायचं?

२०२३ च्या जुलैतली गोष्ट. पहाटे साडेपाचला फोन वाजला. ऑकलंडच्या थंडीत पांघरुणातून हात बाहेर काढायचं जिवावर येतं, पण पलीकडे सांगलीची ताई होती, माझी मामेबहीण. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते.

"अरे, तीन दिवस झाले, त्याचा फोन नाही. मेसेज जातात, पण बघत नाही. तू जरा जाऊन येतोस का?"

भाचा इथे मास्टर्स करत होता. तीन-चार मुलं मिळून फ्लॅट घेऊन राहत होती. मी ऑफिसला दांडी मारून तिथे गेलो. दार उघडणाऱ्या मुलाने आधी पायांकडे बघितलं आणि मग हळूच म्हणाला, "अंकल, शुक्रवारी रात्री भांडण झालं. पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. शनिवारी कोर्टात नेलं म्हणतात. पुढचं माहीत नाही."

गाडीत बसून मी पहिलं काय केलं असेल? फोन काढला आणि 'ऑकलंड', 'जेल', 'कैद्यांची यादी' असे शब्द टाकून शोधायला लागलो. ही सवय मला अमेरिकेत लागली होती. ती कशी लागली, ते आधी सांगतो. मंडळी, त्यात माझा मोठेपणा काही नाही.

काऊंटीची यादी

२००८ साली मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत एम. एस. करत होतो. अमेरिकेत तीन हजारांवर काऊंट्या आहेत. काऊंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथला शेरीफ बहुतेक ठिकाणी मतदानाने निवडला जातो आणि काऊंटीचं जेल सहसा त्याच्याच ताब्यात असतं. तिथे 'जेल' आणि 'प्रिझन' हे दोन वेगळे शब्द आहेत. नुकतीच अटक झालेले, खटला चालू असलेले आणि साधारण वर्षाच्या आतली शिक्षा झालेले लोक जेलमध्ये. मोठ्या शिक्षेचे राज्याच्या किंवा केंद्राच्या प्रिझनमध्ये. पुष्कळ शेरीफ आपल्या वेबसाइटवर जेलमधल्या माणसांची यादी ठेवतात. नाव, वय, उंची, वजन, आरोप, जामिनाची रक्कम आणि वर फोटो! कोणीही बघावं, कारण विचारत नाहीत.

आमच्यातलाच एक मराठी मुलगा एका रात्री त्या यादीत दिसला. गुन्हा काय, तर वाहतुकीच्या दंडाची तारीख चुकली म्हणून निघालेलं वॉरंट. दुसऱ्या दिवशी तो सुटला, पंधरा दिवसांत प्रकरण मिटलं. पण तो सुटायच्या आधीच त्या पानाची लिंक आमच्या दहा जणांत फिरली होती. ती पाठवणारा मी. 'बघा, आपले साहेब!' असं वर लिहूनसुद्धा. दोन-तीन वर्षांनी तो नोकरी शोधत होता तेव्हा तोच फोटो एका खाजगी वेबसाइटवर निघाला. तो काढायला ते पैसे मागत होते. तेव्हा हा धंदा तिकडे जोरात होता. पुढे २०१३ मध्ये जॉर्जिया राज्याने अशा पैसे उकळण्याला कायद्याने आळा घातला, नंतर आणखी राज्यांनी. त्या मित्राला मी माफी मागितली, पण बऱ्याच उशिरा.

मात्र ही उघडी यादी निव्वळ चहाटळपणासाठी नाही, हेही सांगायला हवं. सरकारने माणसाला उचलून गुपचूप नाहीसं करू नये, हा त्यामागचा मूळ विचार. आणि दुसराही उपयोग आहे. १९९३ च्या डिसेंबरमध्ये केंटकीतल्या लुईव्हिल शहरात मेरी बायरन या मुलीचा, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, तिच्या आधीच्या मित्राने खून केला. तिच्यावरच्या अत्याचाराबद्दल तो आत होता, पण जामिनावर सुटल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं. त्यानंतर १९९४ मध्ये तिथे 'वाईन' नावाची यंत्रणा सुरू झाली. कैदी सुटला की नाव नोंदवलेल्या माणसाला आपोआप निरोप जातो. आज ती अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आहे.

इथे यादीच नाही

तर ऑकलंडमध्ये गाडीत बसून मी शोधत होतो आणि सापडत होत्या त्या अमेरिकेतल्या जाहिराती. 'क्रेडिट कार्ड द्या, जगातला कुठलाही कैदी शोधून देतो.' इंजिनिअर माणूस, पण त्या दिवशी मीसुद्धा कार्डाचा नंबर टाकायच्या बेतात होतो!

न्यूझीलंडमध्ये काऊंट्या १९८९ च्या फेररचनेत गेल्या. 'काऊंटीज मनुकाऊ' या पोलीस विभागाच्या नावात तो शब्द अजून उरला आहे. तुरुंग सगळे केंद्र सरकारच्या करेक्शन्स खात्याकडे, एकूण अठरा. विरीचा २०१५ मध्ये सुरू झालेला पुरुषांचा तुरुंग तेवढा सर्को ही खाजगी कंपनी चालवते. विरीलाच बायकांचा तुरुंग आहे, पारेमोरेमोला १९६८ पासूनचा कडक बंदोबस्ताचा. साऊथच्या मोटरवेवरून जाताना दिसणारा तो काळ्या दगडांचा माऊंट ईडनचा जुना तुरुंग २०११ मध्ये बंद झाला. त्याच्या शेजारच्या नव्या इमारतीत मुख्यतः खटला चालू असलेले पुरुष कैदी, म्हणजे आपल्याकडचे कच्चे कैदी, ठेवतात.

आणि या अठरा तुरुंगांत कोण आहे याची लोकांसाठी उघडी यादी नाही. किती कैदी, कुठल्या वयाचे, हे आकडे खातं दर तीन महिन्यांनी छापतं. नावं नाहीत. एखादा माणूस तुरुंगात असणं ही प्रायव्हसी कायद्याप्रमाणे त्याची खाजगी माहिती. हा कायदा आधी १९९३ चा होता, आता २०२० चा आहे. १९८२ चा माहितीचा कायदा आहे, आपल्याकडच्या आरटीआयसारखा, पण त्यातही दुसऱ्याची खाजगी बाब हे नकार द्यायला कारण होऊ शकतं.

मी तुरुंगाला फोन लावला. पलीकडच्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "तो इथे आहे किंवा नाही, दोन्ही मी सांगू शकत नाही. तुमचं नाव, नंबर आणि नातं सांगा. इथे असेल तर त्याला विचारू. त्याची इच्छा असेल तर तो कळवेल."

मी म्हटलं, "अहो, मी त्याचा मामा आहे! तिकडे त्याची आई रडतेय!"

"मला समजतं," त्या म्हणाल्या. "पण तो सज्ञान आहे."

राग आला. आपल्याकडे मामा म्हणजे काय, हे या लोकांना कोण सांगणार? कोर्टातल्या वकिलाचंही तेच. अशिलाने सांगितल्याशिवाय बोलता येणार नाही.

दोन दिवसांनी भाच्याचाच फोन आला. आत फोन घेता येत नाही. कैदी नंबर देतो, तो मंजूर झाला की तिथून फोन करता येतो आणि बोलणं ऐकलं जाऊ शकतं. तो एवढंच म्हणाला, "मामा, मी ठीक आहे. आईला सांगू नका. मी सांगेन."

आता सांगा, काय करायचं?

त्या रात्री ताईचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खोटं बोलणं सोपं होतं. 'फोन बिघडला होता' म्हटलं की संपलं. खरं सांगणं तर माझं कर्तव्यच, असंही वाटत होतं. शेवटी म्हटलं, "ताई, तो सुखरूप आहे. माझं त्याच्याशी बोलणं झालं. एक अडचण आहे, ती तोच तुला सांगणार आहे. माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जेवतोय ना?" मी हो म्हटलं.

आठ दिवसांनी जामिनावर बाहेर आल्यावर त्याने माझ्याच घरातून तिला फोन केला. मी स्वयंपाकघरात चहा करत राहिलो. नंतर ताई मला म्हणाली, "तुझ्या तोंडून कळलं असतं तर मी आधी त्याच्यावर ओरडले असते. त्याने स्वतः सांगितलं, म्हणून ऐकून घेतलं." खटल्याचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे. हा लेख छापायला देण्याआधी दोघांना वाचून दाखवला आहे.

मग शोधायचं कसं?

अशी वेळ कोणावर येऊ नये. पण आली, तर माहीत असलेलं बरं:

१. अटक झाली की कारण कळण्याचा, वकिलाशी विनाविलंब बोलण्याचा आणि शक्य तितक्या लवकर कोर्टासमोर नेलं जाण्याचा हक्क १९९० च्या बिल ऑफ राइट्स कायद्याने आहे. पोलीस स्टेशनवर फोनवरून वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, डिस्ट्रिक्ट कोर्टात ड्यूटी लॉयरही फुकट असतो. 'घरच्यांना कळवा' हे त्याच वकिलाला सांगून ठेवावं.

२. तुरुंगाची यादी बंद असली तरी कोर्टाचं दार बहुधा उघडं असतं. डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या त्या दिवशीच्या कामकाजाची यादी भिंतीवर आणि वेबसाइटवर लागते. कोर्टाने नाव दडवण्याचा हुकूम दिला असेल तर ते पसरवणं हा गुन्हा आहे, व्हॉट्सअॅपवरसुद्धा.

३. भेटीसाठी ओळखपत्र देऊन आधी अर्ज करावा लागतो. उठून डबा घेऊन जाता येत नाही.

४. भारतीय पासपोर्ट असेल तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या वकिलातीला कळवा असं कैदी म्हणू शकतो. त्याने मागितलं तरच. २०२४ पासून ऑकलंडमध्येच भारताचं कॉन्सुलेट आहे. व्हिसावरच्या माणसाने वकिलाला व्हिसाचं पहिल्याच भेटीत सांगावं.

५. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला मात्र इथेही कळण्याचा हक्क आहे. २००२ च्या कायद्याप्रमाणे गंभीर गुन्ह्यांतल्या पीडितांना पोलिसांमार्फत नाव नोंदवता येतं. मग आरोपी सुटणार असेल तर निरोप येतो. आपल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावं.

६. भारतात कोणाला अटक झाली तर १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत अटक केलेल्यांची नावं पोलीस स्टेशनवर आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात लावण्याची तरतूद आहे.

आणि एक. पुण्याहून मला अधूनमधून फोन येतात. "स्थळ ऑकलंडचं आहे, मुलगा कधी आत-बित होता का, जरा नेटवर बघून सांग." तसं बघता येत नाही. स्वतःचा रेकॉर्ड न्यायखात्याकडून फुकट मागवता येतो, दुसऱ्याचा मागवायला त्याची संमती लागते. शिवाय २००४ च्या 'क्लीन स्लेट' कायद्याप्रमाणे, तुरुंगाची शिक्षा कधीच न झालेला आणि बाकीच्या अटींत बसणारा माणूस सात वर्षं नीट वागला, तर जुना किरकोळ गुन्हा न सांगण्याचा त्याला हक्क आहे. तेव्हा मुलालाच समोर बसवून विचारा!

इथला बंद दरवाजा मला त्या दिवशी निष्ठुर वाटला होता. तो उघडा असता तर ताईला दोन मिनिटांत कळलं असतं, हे खरंच. पण आपल्या दोन-तीनशे कुटुंबांनाही तेवढ्याच वेळात कळलं असतं, आणि गणपतीच्या आरतीला तो मुलगा पुन्हा आला नसता. गेल्या वर्षी तो आला होता, झांज त्याच्याच हातात होती.

आपल्या मुलांना एवढंच सांगून ठेवू या, की काहीही झालं तरी पहिला फोन घरी करायचा. तो फोन करायची भीती त्याला वाटू नये, हे मात्र आपल्याच हातात आहे.