माळ्यावरची बाकं

आमच्या आगाशीकडच्या वाडीत, नारळीच्या बुंध्याला टेकून एक पांढरी मारुती व्हॅन दोन पावसाळे उभी होती. म्हणजे एके काळी पांढरी. दादा २०२१ मध्ये गेला आणि त्यानंतर तिची किल्ली कुणी फिरवलीच नाही. टपावर झावळ्या पडल्या, एका चाकाखाली मुंग्यांनी वारूळ केलं आणि कोंबड्यांनी ड्रायव्हरच्या बाजूची सावली आपल्या नावावर करून घेतली. भंगारवाला दोनदा येऊन गेला. पंधरा हजार देतो म्हणाला. वहिनी दोन्ही वेळा त्याला चहा देऊन परत पाठवती झाली. ‘नाही’ म्हणाली नाही, ‘हो’ही म्हणाली नाही.

ही व्हॅन दादाने १९९४ साली नवी कोरी घेतली. मारुती व्हॅन बाजारात आली १९८४ मध्ये. इंजिन मारुती ८०० चंच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण ते पुढच्या सीटखाली बसवलेलं, त्यामुळे मागची जवळजवळ सगळी जागा मोकळी. पुढे कंपनीने तिचं नाव ‘ओम्नी’ केलं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं, तरी आमच्या गावात ती शेवटपर्यंत व्हॅनच राहिली. हिंदी सिनेमावाल्यांनी सरकते दरवाजे पाहून तिला पळवापळवीच्या कामाला लावलं. आमच्या दादाने तिला मोगऱ्याच्या, चाफ्याच्या आणि वांग्यांच्या कामाला लावलं. पहाटे तीनला ती वाडीतून निघायची आणि वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडून उजाडायच्या आत दादरच्या फुलबाजारात पोचायची. परत येताना तिच्यात रिकाम्या टोपल्या, दादरहून आणलेला खाऊ आणि मागे झोपलेला दादाचा मदतनीस असायचा.

२०२३ च्या दिवाळीत माझा पुतण्या म्हणाला, ‘काका, आपण ही गाडी आतून घरासारखी करू या. झोपायला फळी, सामानाला कप्पे, एक छोटा पंखा. सुट्टीत आईला घेऊन फिरू.’ तो अंधेरीला नोकरी करतो. रोज विरारच्या लोकलने जाऊन-येऊन त्याची उंचीच दोन इंच कमी झाली असावी, असं मला वाटतं. त्याच्या डोळ्यांत पुष्कळ दिवसांनी काहीतरी चमकलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात सर्वांच्या पायात येत होतो. तेव्हा दोघांनीही बाह्या सरसावल्या.

पहिली गाठ गंजाशी पडली. वसईची हवा खारी. खाडी, मिठागरं आणि समुद्र यांच्यामध्ये राहणाऱ्या लोखंडाला म्हातारपण लवकर येतं. वरून गाडी ठीक दिसत होती. पायाखालचं रबर उचललं, तर एका जागी थेट नारळाचं आळंच दिसलं. सरकत्या दाराची खालची पट्टी आणि चाकांवरची कमान पापडासारखी झालेली. वाचकांपैकी कुणी या फंदात पडणार असेल, तर एक सांगतो : गंजावर लांबी भरून वर रंग मारू नका. आत तो खातच राहतो. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, बाकीचा तारेच्या ब्रशने उघडा करायचा, मग रेड ऑक्साइड आणि शेवटी रंग. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढायची आणि पेट्रोलच्या टाकीजवळचं काम जाणत्या माणसावरच सोपवायचं. आमचं हे काम गोखिवऱ्याच्या एका पत्रेवाल्याने केलं.

दुसरी गाठ काटकोनाशी. सुतारकाम मला थोडंफार येतं, असा माझा समज होता. पण व्हॅनच्या पोटात एकही भिंत सरळ नाही. मी मापं घेऊन कापलेली पहिली फळी एका बाजूला अर्धा इंच कमी आणि दुसऱ्या बाजूला पाऊण इंच जास्त भरली. शेवटी पाचूबंदरला होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या सुतारांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, ‘होडीत तरी कुठे सरळ असतं? आधी पुठ्ठा काप. पुठ्ठा बसला की फळी बसते.’ आणि निघताना म्हणाले, ‘पाण्याला अडवू नको, वाट दे.’ तेव्हापासून आम्ही पुठ्ठ्याचा साचा केल्याशिवाय करवत हातात घेतली नाही आणि तळाच्या पत्र्याला पाणी निथळायची जी भोकं असतात, ती एकही बुजवली नाही.

तिसरी गाठ मात्र आमच्या हातून पडली आणि ती गंजाची नव्हती, काटकोनाची नव्हती.

व्हॅनच्या मागच्या भागात दादाने स्वतः केलेली एक सागवानी मांडणी होती. टोपल्या एकावर एक दबू नयेत म्हणून. ओबडधोबड, तेलकट, ठिकठिकाणी खिळे वर आलेले. एका शनिवारी आम्ही दोघांनी ती उखडून काढली आणि बंबाच्या लाकडांच्या ढिगावर नेऊन टाकली. संध्याकाळी पाहिलं, तर वहिनी ढिगाजवळ बसून त्यातली एक फळी पदराने पुसत होती. फळीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. रोजच्या टोपल्यांचा हिशेब. मध्येच एका कोपऱ्यात ‘बाळ ताप’ असं लिहिलेलं. तो बाळ म्हणजे आज अंधेरीला नोकरी करणारा माझा पुतण्या.

वहिनी रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, ‘भाऊजी, विचारायचं तरी.’

त्या तीन शब्दांनी मला रात्रभर झोप आली नाही. जुनी गाडी आपलीशी करायची म्हणून निघालो होतो. पण ती आधीच कुणाची तरी होती, हे ध्यानातच घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या फळ्या ढिगातून काढल्या, धुतल्या, पडवीत उभ्या केल्या. पण काम थांबवलं नाही. नव्या प्लायचा एक पक्का पलंग करून तो तळाला बोल्टांनी जखडून टाकला आणि स्वतःवर खूश झालो.

मे २०२४ मध्ये नोंदणीची मुदत संपत होती. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करायचं. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झालेलं, शिवाय जुन्या गाडीचा पर्यावरण कर वेगळा. गाडी अजून दादाच्याच नावावर होती. मालक गेल्यावर वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. आम्ही तीन वर्षं झोपा काढलेल्या. पुतण्याच्या नावावर करू म्हटलं, तर वहिनी पहिल्यांदाच ठामपणे बोलली : ‘माझ्या नावावर करा.’ तिला गाडी चालवता येत नाही. कुणी काही विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी इंजिन, दिवे, ब्रेक पाहिले, नंबर ताडून घेतला. नंबर एमएच-०४ चा, म्हणजे ठाण्याचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, माणसं पालघरची झाली, गाडी ठाण्याचीच राहिली. मग त्यांनी मागचा दरवाजा वर केला आणि विचारलं, ‘कागदावर आठ सीट आहेत. बाकीच्या कुठे आहेत?’

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ असं सांगतं की, नोंदणीत जे लिहिलंय त्याहून वेगळी गाडी परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं आहे. रंगासारख्या किरकोळ बदलाची नोंद होते, मान्यताप्राप्त गॅस किट बसवता येतं. पण आसनं काढून पलंग ठोकणं त्यात बसत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण कॅराव्हॅन हा नोंदणीतला वेगळाच प्रकार. गल्लीतल्या व्हॅनला तो लागू होत नाही.

घरी येताना पुतण्या एक शब्द बोलला नाही. अंगणात गाडी लावली आणि म्हणाला, ‘देऊन टाकू भंगारात.’ वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘बाकं माळ्यावर आहेत.’

शिडी लावून वर गेलो. गोणपाटात गुंडाळून, दोरीने बांधून, दोन्ही बाकं तिथे होती. बोल्टसुद्धा एका डब्यात. आम्ही समजत होतो, ती कधीच मोडीत गेली. वहिनीने सांगितलं, ‘निर्मळच्या जत्रेला, लग्नकार्याला, पासिंगला हे बाकं बसवायचे. दुसऱ्या दिवशी काढून माळ्यावर. मी धरायचे खालून.’ पुतण्याला मग आठवलं, जत्रेला जाताना तो उलट्या बाकावर बसायचा आणि रस्ता मागे पळताना बघायचा. माल नेताना बाकं काढणंही नियमात बसत नव्हतं, हे दादाला ठाऊक नसावं. पण आमच्या ध्यानात आलं ते दुसरंच : जे काम आम्ही सहा महिने करत होतो, ते हा माणूस पंचवीस वर्षं करत आला होता. आठवडाभर मालाची गाडी, सणावाराला घरची गाडी.

पुढे वाचनात आलं, की परदेशातही या हौसेची सुरुवात अशीच झाली. जर्मनीच्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. तो उचलून आत ठेवायचा आणि काम झालं की बाहेर काढायचा. गाडी सोमवारी पुन्हा धंद्याला मोकळी.

आमचा पलंग बाहेर आला. आठ आसनी व्हॅनची मागची दोन बाकं समोरासमोर असतात. त्यांच्या मधल्या फटीवर फळी टाकली, की पलंगच तयार होतो! हे साधं गणित बाकं बसवल्यावर सुचलं. ती फळी आम्ही दादाच्या मांडणीतल्या सागवानाची केली, पुठ्ठ्याचा साचा काढून. रेघांची बाजू खाली ठेवली, म्हणजे झिजणार नाही. वर वहिनीने शिवलेली गोधडी. खिडक्यांना तिच्याच जुन्या साड्यांचे पडदे. सुट्ट्या दोन पेट्या : एकीत भांडी, दुसरीत कपडे. वेगळी छोटी बॅटरी, तिच्याजवळच फ्यूज, त्यावर एक दिवा आणि पंखा. स्टोव्ह आत पेटवायचा नाही. मागचं दार वर करून त्याच्या आडोशाला, बाहेर. झोपताना इंजिन बंद आणि खिडकी बोटभर उघडी, हा नियम. यातलं काहीही पाच मिनिटांत निघतं. गाडी पुन्हा दाखवली, आठही आसनं मोजली गेली आणि २०२९ पर्यंतचा कागद वहिनीच्या नावाने आला.

एकूण खर्च अडतीस हजारांच्या आसपास झाला. भंगारवाल्याचे पंधरा मिळाले नाहीत ते वेगळे. व्यवहारी माणसाने हे करू नये.

डिसेंबरात आम्ही जव्हारला गेलो. मनोरहून आत वळलो, विक्रमगड ओलांडलं. चढावर गाडी धापा टाकू लागली, तेव्हा तिला सावलीत उभी करून आम्ही सुकेळी खाल्ली. वहिनी उलट्या बाकावर बसली होती. समोर बस म्हटलं, तर नको म्हणाली. दादाने तिला जव्हारचा राजवाडा दाखवायचं किती वेळा कबूल केलं होतं, ते तिने त्या दिवशी सांगितलं. रविवारी बाजार बंद नसतो, म्हणून राहून गेलं.

रात्री ओळखीच्या घरच्या अंगणात गाडी लावली. पुतण्या आणि मी ओसरीवर. व्हॅनमधली जागा लांबीला कमी. वहिनीसारख्या लहानखुऱ्या बाईलाही तिरकंच झोपावं लागतं. पहाटे तीनच्या सुमाराला मला जाग आली. व्हॅनमध्ये दिवा लागलेला. घाबरून गेलो, तर ती उठून बसली होती.

‘काय झालं वहिनी?’

‘काही नाही. जाग आली. ह्या वेळेला निघायचे ना.’

मग तिने दिवा मालवला आणि पुन्हा आडवी झाली. सकाळी साडेसातपर्यंत उठली नाही. इतकी वर्षं तीनला उठून चहा करणारी बाई! आम्ही स्टोव्ह पेटवला आणि तिला हाक मारली नाही.