लेथचा सीएनसी केला, आता त्याच मशीनवर मिलिंग कसं करायचं?

कडबाकुट्टीचा शाफ्ट तुटला की तालुक्याच्या गावातला लेथवाला नवा शाफ्ट लगेच टर्निंग करून देतो. अडतं ते की-वेपाशी, म्हणजे पुलीची चावी बसते त्या खाचेपाशी. त्यासाठी शाफ्ट एमआयडीसीत मिलिंगवाल्याकडे पाठवावा लागतो आणि ऐन हंगामात दिवस मोडतो. घरच्या शेडमधल्या जुन्या लेथला मोटर, बॉलस्क्रू आणि कंट्रोलर बसवून सीएनसी केला असेल, तर हे काम जागेवर होऊ शकतं.

फरक कुठे आहे?

लेथवर जॉब फिरतो आणि टूल न फिरता कापतं. मिलिंगमध्ये टूल फिरतं आणि जॉब घट्ट धरलेला असतो. त्यामुळे लेथला मिलिंग शिकवायचं तर टूल फिरवायची सोय हवी.

दोन मार्ग

पहिला मार्ग स्वस्त. एंड मिल लेथच्या स्पिंडलमध्ये धरायची आणि जॉब क्रॉस स्लाइडवरच्या व्हर्टिकल स्लाइडमध्ये बांधायचा. मात्र एंड मिल तीन जबड्यांच्या चकमध्ये धरू नये, ती सरकते. कोलेटच वापरावं. छोट्या ब्लॉकसाठी हे ठीक, लांब शाफ्टला अवघड.

दुसरा मार्ग शाफ्टच्या कामाचा. टूलपोस्टच्या जागी स्वतंत्र मोटरचा छोटा स्पिंडल बसवायचा. जॉब चकमध्येच राहतो, पण मेन स्पिंडल लॉक करायचा. नुसता गिअर टाकून भागत नाही, दात हलतात. स्पिंडलच्या मागच्या टोकाला २४ भोकांची प्लेट आणि पिन लावली तर लॉकही होतो आणि २, ३, ४, ६, ८, १२ असे भागही पाडता येतात. षटकोनी डोकं करायचं तर दर चौथ्या भोकावर थांबायचं.

एंड मिलचा मध्य शाफ्टच्या मध्याच्या बरोबर उंचीवर हवा. इथं अर्धा मिलीमीटर चुकला तरी की-वे बाजूला सरकतो आणि पुली बसत नाही. शिम घालून उंची जुळवा, मगच कट घ्या.

वेग किती ठेवायचा?

माइल्ड स्टीलला एचएसएस एंड मिलसाठी मिनिटाला साधारण २५ मीटर कटिंग स्पीड धरतात. ८ मिमीच्या एंड मिलला त्याचे सुमारे १००० आरपीएम होतात. लाकडी कोरीवकामाचे २४,००० आरपीएमचे स्पिंडल इतक्या कमी वेगावर ताकद देत नाहीत. म्हणून पट्ट्याने वेग कमी केलेली मोटर बरी. कोलेटही बघून घ्या: ईआर ११ मध्ये ७ मिमीपर्यंतच टूल बसतं, ईआर १६ मध्ये १० मिमीपर्यंत.

प्रोग्राममधली गफलत

२५ मिमी शाफ्टला ८ मिमी रुंद चावी लागते आणि शाफ्टमधली खाच ४ मिमी खोल असते. लेथचा कंट्रोलर बहुधा व्यासात मोजतो. म्हणजे ४ मिमी खोलीसाठी एक्स २५ वरून १७ वर न्यायचा, २१ वर नाही. ही खोली एका दमात न घेता थोडी थोडी घ्यायची. दुसरं म्हणजे, टर्निंगचा फीड फेऱ्यावर चालतो (जी ९५). मेन स्पिंडल थांबलेला असताना मशीन हलणारच नाही. मिलिंगला मिनिटावरचा फीड, म्हणजे जी ९४ द्यावा.

प्ले काढा

टर्निंगमध्ये जोर बहुतेक एकाच बाजूला असतो. मिलिंगमध्ये प्रत्येक दात धक्का देतो. स्क्रूत प्ले असेल तर टूल जॉबला ओढून घेतं आणि मोडतं. आधी गिब घट्ट करा. ज्या अक्षात हालचाल नको तो लॉक करा.

वीज आणि सुरक्षा

मिलिंगच्या वेळी मेन मोटर सुरूच होऊ नये, अशी इंटरलॉक वायरिंग करून घ्या. पिन लावलेली असताना मोटर फिरली तर प्लेट तर मोडेलच, माणसालाही इजा होऊ शकते. मध्येच लाइट गेली तर साध्या स्टेपर मोटरचा कंट्रोलर जागा विसरतो. लाइट आल्यावर सरळ स्टार्ट दाबू नका, आधी पुन्हा झिरो घ्या. गॉगल हवाच, हातमोजे नकोत.

हे जमणार नाही

पुलीच्या आतली खाच अशा एंड मिलने होत नाही, तिला स्लॉटिंग किंवा ब्रोचच लागतं. मोठे कटही हा जोड सोसणार नाही. पण शाफ्टची खाच, आडवं भोक, चपटी बाजू एवढी कामं गावातच झाली, तरी शेतकऱ्याची एक खेप वाचते आणि मजुरी वर्कशॉपमध्येच राहते.